बोराटी आणि आत्याची पक्कड

माझ्या आत्याचं पंक्चरचं दुकान एका झाडाखाली आहे. झाड म्हटलं की आत्या खूश होते, पण खरं सांगायचं तर ते रानबोरीचं काटेरी झुडूप आहे. बोराटी. शाळेच्या भिंतीला वळसा घालून रस्ता जिथे बाजाराकडे वळतो, तिथे भिंत आणि गटार यांच्या मधल्या फुटक्या फरशीतून ती उगवली आहे. कुणी लावली नाही, कुणी वाढवली नाही. याच रस्त्यावर नगरपालिकेने एकदा शोभेची झाडं लावली होती. लोखंडी पिंजरे, टँकरचं पाणी, फोटो, सगळं झालं. त्यातलं एकही जगलं नाही. पिंजरे उरले आणि लोक आता त्यात चहाचे कागदी कप टाकतात. बोराटीला मात्र मिळतं ते ट्यूब बुडवून बुडवून काळं झालेलं आत्याच्या टबातलं पाणी, आणि तेही ती पिते की नाही कोण जाणे. ज्या वर्षी नळ कोरडे पडले, त्या वर्षी तिने सगळी पानं झाडून टाकली आणि नुसत्या काटक्या घेऊन, रुसलेल्या पाहुणीसारखी उभी राहिली. आम्हाला वाटलं, गेली. मग एके दिवशी काटक्यांच्या सांध्यासांध्यात हिरवे ठिपके. आत्याने त्या दिवशी येईल त्या गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर नेऊन ते ठिपके दाखवले, जसं काही घरात बाळ झालंय.

तिचे काटे जोडीने असतात. एक सरळ, सुईसारखा. दुसरा वाकडा, गळासारखा. सरळ टोचतो आणि वाकडा धरतो. दुकानात नवीन माणूस आला की बोराटी हमखास त्याची बाही पकडते, तो बाही पुढे ओढतो आणि शर्ट टर्रकन फाटतो. आत्याचं वाक्य ठरलेलं आहे, "ओढू नका. एक पाऊल मागे या, सोडते ती." आणि खरंच सोडते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आजोबांनंतर दुकान बाबांनी चालवावं असं सगळ्यांना वाटत होतं, पण बाबांना ग्रीसच्या वासाने मळमळतं. ते कापडाच्या दुकानात लागले आणि पक्कड आत्याने उचलली. आजोबांचीच पक्कड, मुठीवर लाल रबर, आतला एक दात तुटलेला. आत्याचे हात चालतात तेवढंच तिचं तोंड चालतं. टायर उतरवताना ती गिऱ्हाइकाच्या घरची सगळी बातमी काढून घेते, आणि ठिगळ वाळेपर्यंत त्याला दोन सल्लेही देऊन मोकळी होते.

आता मी. मी नववीत आहे. गेल्या वर्षापर्यंत मी अशी होते की बाईंनी नाव विचारलं तर शेजारची माझं नाव सांगायची. आत्या मला मुंगी म्हणायची. मग यंदा शाळेच्या खेळांच्या दिवशी माइकवर बोलणाऱ्या मुलीला उचक्या लागल्या, आणि मी शेजारी पाण्याची बाटली धरून उभी होते म्हणून तिने माइक माझ्या हातात कोंबला. मी तोंड उघडलं, आणि आवाज? आवाज असा खणखणीत निघाला की मलाच मागे वळून बघावंसं वाटलं, कोण बोलतंय. त्या दिवसापासून मी थांबलेच नाही. वर्गात बोलते, घरी बोलते, बसमध्ये अनोळखी माणसांच्या भांडणात न्याय करते. आत्याने माझं नाव बदललं. मुंगीचा भोंगा झाला.

तर भोंग्याने यंदा जो घोळ घातला, तो असा.

बेकरीवाले काका सकाळी सायकलला मोठ्ठा पत्र्याचा डबा बांधून घरोघरी पाव टाकतात. काका आणि आत्या शाळेत एका वर्गात होते. तेव्हापासून त्यांचं भांडण चालू आहे आणि दोघांनाही ते संपवायची घाई नाही. पण त्या आठवड्यात काकांची सायकल पुन्हा पुन्हा पंक्चर झाली आणि दर वेळी आमच्याच वळणावर. शेवटच्या खेपेला पावाचा डबा गटाराच्या कडेला कलंडला. पाव वाचले, पण काकांचा पारा चढला. दुकानासमोर सायकल आडवी टाकून, शाळा भरायच्या वेळी, सगळ्या पालकांच्या देखत ते म्हणाले,

"दुकान चालावं म्हणून काटे पेरतेस ना गं? एवढी वर्षं गंमत म्हणून बोलत होतो. आता गंमत नाही वाटत मला."

आत्याने नेहमीसारखं उत्तर दिलं. म्हणाली की तुझ्या टायरांना टक्कल पडलंय, त्यांना काटा कशाला, नुसती शंकासुद्धा टोचेल. लोक हसले. पण ते हसणं वेगळं होतं. त्यात कुणीतरी म्हणालं की आपल्या मुलाचीही सायकल इथेच पंक्चर होते. दुसरी म्हणाली, माझ्या स्कूटरचंही मागचं चाक. आणि मग सगळे वर बघायला लागले, बोराटीकडे. जणू ती रात्रंदिवस तिथे उभी राहून नेम धरत होती.

गोष्ट मोठ्या बाईंपर्यंत गेली, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांपर्यंत. मोठ्या बाईंनी नगरपालिकेला कळवलं. नगरपालिकेचे एक साहेब आले, त्यांनी बोराटीच्या बुंध्याला लाल रंगाचा पट्टा मारला आणि सांगितलं, शनिवारी झुडूप मुळासकट निघेल. शाळेच्या फाटकाजवळ काटेरी काही नको. आणि लोकांच्या तक्रारी बघता दुकानही इथे नको, बाजारामागच्या गोदामाजवळ जागा देता येईल. जाताना बोराटीने त्यांची बाही धरली. त्यांनी ओढली. टर्रकन.

गोदामाजवळ सायकली जातच नाहीत. तिथे फक्त ट्रक येतात आणि मांजरं. दुकान तिकडे गेलं म्हणजे संपलं, हे न सांगता सगळ्यांना कळलं. आत्या त्या संध्याकाळी घरी आली ती जेवली आणि टीव्ही न बघता झोपायला गेली. आई आणि बाबा एकमेकांकडे बघत राहिले. आमच्या घरात आत्या गप्प, हे म्हणजे पंखा फिरताना आवाज न येण्यासारखं होतं. सगळ्यांना भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाले काका दुकानासमोरून हातात सायकल धरून चालत जाताना दिसले आणि माझा भोंगा वाजला. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. म्हटलं, काका, तुम्ही आत्याचं नाव घालवलंत. आमच्या दुकानातून आजवर एकसुद्धा काटा रस्त्यावर गेलेला नाही, आणि हे मी शनिवारी साहेबांसमोर सिद्ध करून दाखवणार. आणि नाही दाखवलं, एक जरी काटा आमच्या दुकानातून गेलेला निघाला, तर आम्ही स्वतःहून दुकान उचलू. हे सगळं मी इतकं सणसणीत बोलले की समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला आणि त्याच्या मागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही.

आत्याने मला दंडाला धरून आत ओढलं. "दुकान उचलायचं तू कोण ठरवणार? तुला माइक कुणी दिला होता ते नाव सांग मला, आधी तिच्याकडे बघते."

पण तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं होतं. मला वाटतं, कुणीतरी तिच्या बाजूने ओरडलं हे तिला आवडलं होतं.

मग मी कामाला लागले. आधी मला बोराटीला निर्दोष सोडवायचं होतं. मी घरातली जुनी चादर आणली आणि तिच्याखाली अंथरली. आई म्हणाली, ती चादर पाहुण्यांसाठी ठेवली होती. मी म्हटलं, ही त्यासाठीच वापरतेय, बोराटी आपली सगळ्यात जुनी पाहुणी आहे. दोन दिवस चादर तशीच ठेवली, मग गोळा करून बघितली. पानं, वरून हिरवी आणि खालून पांढुरकी लवदार. पक्ष्यांनी अर्धवट खाऊन टाकलेली बोरं, वाटाण्याएवढी. एक पीस. एक वाळकी काटकी, तिचे काटे तिला घट्ट चिकटलेले. सुटा काटा एकही नाही. मी नाचलेच. बोराटी आपले काटे असे कुणालाही वाटत फिरत नव्हती. पानं टाकते, फळं टाकते, काटे जपून ठेवते.

आत्या म्हणाली ते तिला आधीच माहीत होतं. मी विचारलं, मग रस्त्यावर काटे येतात कुठून? ती म्हणाली, येतात थोडे इकडून तिकडून. सरपणाच्या गाड्या जातात, बकऱ्या फांद्या ओढतात, वादळात काटक्या मोडतात. रस्ता आहे, काटे असायचेच.

थोडे असते तर मला पटलं असतं. पण थोडे नव्हते ना. म्हणून मी पुढची पायरी घेतली. शाळा सुटली की दुकानात बसायचं आणि येईल त्या टायरमधला काटा स्वतः काढायचा. आत्या बाहेरून पकडीने धरून खेचते, कारण ते पटकन होतं. मी ट्यूब बाहेर काढायचे, टायरच्या आतून बोट फिरवायचे आणि टोक लागलं की नखाने आतून बाहेर ढकलायचे. बोटांची चाळण झाली. न्हावीकाका म्हणाले, एवढ्या वेळात तर मी लग्नाचं अख्खं वऱ्हाड भादरून दिलं असतं.

असा एका मुलीच्या सायकलचा काटा काढला आणि सहज उजेडात धरला. काटा बोराटीचाच होता, आमच्या की सरपणाच्या गाडीतल्या कोण जाणे, सरळवाला, वाळून लोखंडासारखा झालेला. त्याच्या जाड टोकाकडे ओरखडे होते. दोन बारीक रेघा जवळजवळ, मग थोडी रिकामी जागा, मग आणखी एक रेघ.

मला वाटलं, दगडाने झालं असेल. ठेवला बाजूला. पुढच्या टायरमधला काढला. दोन रेघा, रिकामी जागा, एक रेघ.

तिसऱ्यावर रेघा नव्हत्या. चौथ्यावर होत्या.

आत्या पलीकडे पंप मारत होती. तिची पक्कड स्टुलावर पडली होती. मी ती उचलली आणि उघडली. दोन दात, मग तुटलेल्या दाताची जागा, मग पुढचा दात. मी एक कोरा काटा घेतला, पकडीत धरून दाबला आणि बाहेर काढून बघितला.

दोन रेघा, रिकामी जागा, एक रेघ. पण टायरमधून निघालेल्या काट्यांना मी तर पक्कड लावलीच नव्हती. हे काटे आधीच एकदा काढलेले होते. आमच्याच पकडीने, आमच्याच दुकानात. आणि पुन्हा टायरमध्ये आले होते.

ते कसे आले, याचा शोध लावावा लागला नाही. ते मी रोज बघत होते. सगळं गाव बघत होतं.

आमच्या वळणावर, फाटकाच्या थोडं अलीकडे, एक खड्डा आहे. मोठ्या बाईंनी तो बुजवायला कितीदा सांगितलं, साहेबांनी कितीदा बघतो म्हटलं. मी लहान असताना एक मुलगी त्यात पडली आणि तिचा दात हलला. त्या दिवसापासून तो खड्डा आत्याचा झाला. रोज सकाळी दुकान उघडलं की ती आधी झाडू मारते, दुकानातली सगळी माती, कानशीने घासलेला रबराचा भुगा, जे काय असेल ते घमेल्यात भरते, त्यात बाजूची थोडी माती घालते आणि खड्ड्यात ओतून पायाने दाबून बसवते. संध्याकाळपर्यंत चाकांनी ती माती उडून जाते आणि सकाळी पुन्हा नवीन घमेलं. येणारे-जाणारे तिला हात करतात, म्हणतात, तुम्ही आहात म्हणून रस्ता आहे. आत्याला याचा इतका अभिमान आहे की ती ते घमेलं मलाही उचलू देत नाही.

आणि काढलेले काटे आत्या कुठे टाकते? स्टुलाच्या बाजूला, जमिनीवर. ते मातीत, माती झाडूत, झाडू घमेल्यात, घमेलं खड्ड्यात. आणि खड्डा सगळ्यांच्या चाकाखाली.

बेकरीवाले काका खरं बोलत होते. फक्त त्यांना ते माहीत नव्हतं. आणि आम्हालाही.

शुक्रवारी दुपारी शाळेला अर्धी सुट्टी होती. दुकानात कुणी नव्हतं. मी आत्याच्या हातात काटे ठेवले आणि काही बोललेच नाही. काय मजा बघा, बोलायची सगळ्यात जास्त गरज होती तेव्हा भोंगा बंद. तिने काटे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. मी पक्कड उघडून तिच्यासमोर धरली. तिने एक काटा पकडीच्या दातांत बसवून बघितला. मग तिची नजर आपोआप कोपऱ्यातल्या घमेल्याकडे गेली. 

"काढलेला काटा म्हणजे संपलेला काटा, असं वाटायचं मला," ती म्हणाली.

नंतर तिने ग्रीसचे हात नीट पुसले, जे ती कधीच पुसत नाही, आणि बोराटीखालच्या दगडावर जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले आणि भराभरा बोलायला लागले. म्हटलं, कुणालाच कळायचं नाही. आपण फक्त उद्यापासून घमेलं बंद करू. साहेबांना सांगू, झुडपाचेच काटे होते. नाहीतरी ते झुडूप काढणारच आहेत. झुडूप गेलं, काटे थांबले, म्हणजे तक्रार संपली आणि तक्रार संपली की दुकान राहिलं. किती सरळ आहे. मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी उठून उभी राहिले. आणि बोराटीने माझी वेणी धरली.

मी मान पुढे ओढली. डोक्यात कळ गेली.

"मागे ये," आत्या म्हणाली. मी मागे आले. तिने माझे केस एकेक करून सोडवले. सोडवता सोडवता ती बोलत राहिली, हळू आवाजात. म्हणाली, ही बिचारी काही बोलू शकत नाही, म्हणून तिच्या माथी मारायचं होय? तू तर चादर अंथरून बघितलंस ना. तिचा एक काटा पडला नव्हता. मग तिने विचारलं, की एवढ्या वर्षांत त्या खड्ड्यावरून किती पोरं घरी चालत गेली असतील गं, चाक ढकलत?  

"उद्या सांगून टाकते मी," ती म्हणाली. "माझं तोंड काही आज पहिल्यांदा उघडत नाही."

शनिवारी सकाळी वळणावर बरीच माणसं जमली. साहेब आले, आज अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून. त्यांच्याबरोबर कुदळ घेतलेला माणूस. मोठ्या बाई, न्हावीकाका, काही पालक, आणि सायकल भिंतीला टेकवून बेकरीवाले काका. आई आणि बाबाही आले होते. बाबा ग्रीसपासून चार हात लांब उभे होते.

साहेबांनी विचारलं, काही म्हणायचंय का तुम्हाला, काम सुरू करण्याआधी?

आत्या पुढे झाली. तोंड उघडलं. आणि काहीच आलं नाही. मी तिला आयुष्यात असं कधी बघितलं नव्हतं. जी बाई ट्यूबमधल्या हवेशीसुद्धा बोलते, तिचे ओठ नुसते हलत होते. हातातली पक्कड ती उघडत होती, मिटत होती, उघडत होती. काकांच्या चेहऱ्यावरचा रागही जरासा डळमळला, मला दिसलं ते. कुदळवाल्याने बाह्या सारल्या.

मला ती वेळ आठवली, उचकी लागलेली मुलगी आणि हातात कोंबलेला माइक. फरक इतकाच की या वेळी मला ओरडायचं नव्हतं. मी आत्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि तिच्या हातातली पक्कड घेतली.

"काका, तुम्ही बरोबर होतात," मी म्हटलं. "काटे आमच्याच दुकानातून जात होते."

 मग मी सांगितलं, सगळं, क्रमाने. चादर, नखाने काढलेले काटे, रेघा, तुटका दात, झाडू, घमेलं, खड्डा. काटे आणि पक्कड हातोहात फिरवली. आवाज खणखणीत नव्हता, मध्ये एकदा फाटलासुद्धा, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला असावा, कारण मागच्या एक आजी म्हणाल्या की पोरीने सांगितलं ते आम्हाला इथपर्यंत ऐकू आलं. शेवटी मी म्हटलं, एक जरी काटा निघाला तर दुकान उचलू असं मी बोलले होते. ते मी बोलले होते, आत्या नाही. पण शब्द दिलाय. दुकानाचं काय ते तुम्ही ठरवा. बोराटीला मात्र खणू नका. तिने काही केलेलं नाही.

काका आपल्या सायकलकडे गेले. चाक फिरवत फिरवत त्यांनी टायरमध्ये अर्धवट रुतलेला एक काटा बोटांनी उपटला, डोळ्यांजवळ धरला आणि चष्मा वर-खाली केला.

"दोन रेघा," ते म्हणाले. "मग एक." मग आत्याकडे बघून, "म्हणजे हा काटा तू माझ्याच टायरमधून काढला असशील, आणि मलाच परत दिला असशील?"

आत्याचं तोंड शेवटी उघडलं. "तुझ्याकडून काही घेतलं की मी परत देतेच," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

काका आधी नाकातून हसले, मग पोटातून. न्हावीकाका हसले. मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. सगळेच हसले असं नाही. एक पालक आपल्या मुलाच्या नव्या टायरबद्दल बराच वेळ बोलत होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. आत्याने त्यांना टायर बदलून देते म्हणून सांगितलं.

साहेबांचं तोंड मात्र गंभीरच होतं. ते खड्ड्याकडे बघत होते. त्यांनी कुदळवाल्याला हाक मारली आणि बोराटी सोडून खड्डा खणायला सांगितलं. निघालेली माती आम्ही आईच्या पिठाच्या चाळणीने चाळली. आई म्हणाली, आधी चादर, आता चाळणी, उद्या माझी साडी मागशील. चाळणीत वर काय राहिलं ते सगळ्यांनी वाकून बघितलं. रबराचे तुकडे, व्हॉल्व्हची टोपणं, आणि काटे, इतके काटे की मी हात घालायला धजले नाही.

मोठ्या बाई साहेबांना म्हणाल्या, अगदी गोड आवाजात, की हा खड्डा वेळेवर बुजला असता तर हे घमेलं कधी भरलंच नसतं. साहेबांनी खोकून घेतलं. मग त्यांनी ठरवलं ते असं. खडी आणि डांबर सोमवारी येईल. झुडूप आणि दुकान, दोन्हींचा निर्णय वार्षिक परीक्षेपर्यंत थांबेल. तोवर काटे थांबले तर दोन्ही जागच्या जागी. नाही थांबले तर लाल पट्टा आहेच. आणि परत जायला वळले तर बोराटीने या वेळी त्यांच्या हातातली पिशवी धरली. सगळे श्वास रोखून बघत होते. साहेब थांबले, आणि एक पाऊल मागे आले. तिने सोडलं.

आता वार्षिक परीक्षा तोंडावर आली आहे, म्हणून थोडं घाबरून आणि थोडं ऐटीत सांगते.

सोमवारी डांबर आलं नाही, पण गुरुवारी आलं. आत्याच्या स्टुलाला आता तारेने एक पत्र्याचा डबा बांधलेला आहे, बेकरीवाल्या काकांनी दिलेला, बिस्किटांचा. काढलेला काटा त्यात पडतो आणि टिंग वाजतो. आधी टिंग टिंग टिंग चालायचं. मग टिंग. हल्ली अख्खी दुपार जाते आणि वाजतच नाही. आत्या म्हणते, भोंग्याने माझा धंदा बुडवला. पण लोक आता नुसती पंक्चर घेऊन येत नाहीत. ब्रेक दाखवतात, चेन घट्ट करून घेतात, सीट वर-खाली करून घेतात. हे सगळं ती आधीही करायची, पण पंक्चरच्या रांगेत कुणाला वेळ होता? आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर ती आयांना सायकल शिकवते. माझी आई पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंवर जाऊन आदळली. आत्या आईच्या मागून पळत ओरडत होती की समोर बघ, चाकाकडे बघू नकोस, चाक कुठे पळून जात नाही.

लाल पट्टा अजून आहे. साल सुटायला लागली तसा तो मधे मधे फाटलाय. काल मी बघितलं, पट्ट्याच्या बरोब्बर मधून एक कोवळी फूट बाहेर आली आहे. पानं इवलीशी, आणि काटे अजून इतके मऊ की बोट लावलं तर वाकतात. मी आत्याला हाक मारली. आत्याने बेकरीवाल्या काकांना हाक मारली. काका सकाळचे पाव टाकून, पंक्चर नसतानाही, बोराटीखालच्या दगडावर बसून बोरं खात होते. ते उठले, वाकले, चष्मा वर केला आणि बघायला लागले. बोराटीने त्यांची टोपी काढून घेतली.

"एक पाऊल मागे," आत्या आणि मी एकदमच म्हणालो.